सहावी तक्रार

"पुन्हा त्याचंच," असं म्हणत गजेंद्रनं मोबाइल पुढं केला. "पनवेलचा कदम. चटणी भेटलीच नाई म्हणते. बँकेनं पैसे वापस ओढले, मोठेबाबा."

कारभारी इंगळ्यांनी चष्मा लावला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि मोबाइल पुतण्याच्या हातात परत दिला. वर्षभरातली ही सहावी तक्रार.

अमडापुरातल्या त्यांच्या घरून जवसाची चटणी पार लांब लांब जायची. कुटायची आशाबाईंनी, पाकिटं भरायची कारभाऱ्यांनी. फोनवरचं दुकान निशिगंधानं मांडून दिलं होतं. ती घर सोडून गेल्यापासून गजेंद्र ते सांभाळत होता. जवस भाजता भाजता आशाबाईंचा हात अजूनही मध्येच थांबायचा, पण लेकीचं नाव कोणी काढत नव्हतं. कारभाऱ्यांची तशी सक्त ताकीद होती.

बाकी गिऱ्हाइकांचा काही त्रास नव्हता. हा एस. कदमच तेवढा वेगळा. दर दोन महिन्यांनी पाव किलो चटणी मागवायचा, पैसे कार्डावरून आधीच भरायचा. पाकीट पोचलं की पंधरा दिवसांनी बँकेला कळवायचा, माल मिळाला नाही. बँक पैसे उलटे फिरवायची. मग माल पाठवल्याचा पुरावा कारभाऱ्यांनी द्यायचा.

पहिल्या वेळी गजेंद्रनं कुरिअरवाल्याकडून पोचपावती मागवली होती. कारभाऱ्यांनी मोबाइलवर ती बोटानं मोठी केली आणि खालची सही बराच वेळ पाहत बसले.

"खोटी हाये का?" गजेंद्रनं विचारलं.

"नाई. खरी हाये."

"मंग झालं. दोन ओळी लिहून पाठवतो."

"लिहून काय होते? मी बोलून सांगतो. व्हिडिओ चालते ना?"

"चालते. बँक तो कदमलेही दाखवते."

"मंग काढ."

त्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि ओसरीवर बसून जबाब दिला. तीन दिवसांत कदमनं तक्रार मागं घेतली. पुढं दर वेळी हेच होत गेलं. तक्रार, व्हिडिओ, माघार.

"शरम वाटत असन त्याले," गजेंद्र म्हणायचा.

प्रत्येक खेपेला कारभाऱ्यांचा जबाब थोडा लांबत गेला. कपाशीचं काय झालं, गाय कधी व्याली, सगळं ते बँकेला सांगायचे. आशाबाईंनाही शेजारी बसवायचे.

"माहं काय काम तिथं?" आशाबाई कुरकुरायच्या.

"चटणी तू करते ना? मंग साक्षीले तूच पायजे. बस."

गजेंद्रला हसू यायचं. म्हातारपणी माणूस असाच व्हायचा, असं त्याला वाटे. दोन महिने उलटत आले की कारभारी स्वतःच त्याला विचारायचे, "त्या पनवेलवाल्याचं काही आलं का रे?" नाही म्हटलं की गोठ्याकडं निघून जायचे. मग दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाहीत.

पण या वेळी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

"दुकानाच्या ॲपवाल्या कंपनीची नोटीस आली, मोठेबाबा. आणखी एक तक्रार आली तं खातंच बंद करतात. समदी गिऱ्हाइकं जातीन."

आशाबाई सुपातला जवस पाखडत होत्या. त्या थांबल्या. "एवढं होऊन राह्यलं तं काऊन त्याच माणसाले माल देता तुमी? बाकी दुनिया मेली का?"

कारभारी चष्मा पुसत राहिले.

"मी जातो पनवेलले," गजेंद्र म्हणाला. "पत्ता हाये. संगं माह्या दोस्ताले, शालिग्रामले नेतो. दारातच धरतो कदमले."

"कोणी जाणार नाई." कारभाऱ्यांचा आवाज एवढा चढला की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. मग ते हळू झाले. "तिथं कोणाच्या दाराशी तमाशा नको. लोकं राह्यतात आजूबाजूले."

"मंग त्याचं नाव तरी बंद करू द्या. पुन्हा ऑर्डरच टाकता येणार नाई त्याले."

कारभारी उठले. ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. चिखलीकडून आलेली बस थांबली, चार माणसं उतरली, बस पुढं गेली. उतरलेली चारही माणसं आपापल्या वाटेनं दिसेनाशी होईपर्यंत ते पाहत राहिले.

"कर बंद," ते म्हणाले. "पण आधी जबाब देऊ दे."

गजेंद्रला हायसं वाटलं. कारभाऱ्यांनी दाढी केली. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. आशाबाई पदर सारखा करून शेजारी बसल्या. गजेंद्रनं मोबाइल धरला आणि मान हलवली.

"मी कारभारी इंगळे, राहणार अमडापूर, तालुका चिखली. एस. कदम यायनं मांगवलेलं पाकीट म्या सोता भरलं. वजन पाव किलो. ते पोचलं हाये, पावतीवर सही हाये."

एवढं बोलून ते थांबले. संपलं असं वाटून गजेंद्रचं बोट पडद्याकडं गेलं. कारभाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. आशाबाईंनी वळून नवऱ्याकडं पाहिलं.

"निशिगंधे," ते म्हणाले, "आमाले पाह्यासाठी आता ऑर्डर नको टाकू, बाई. जावयाले घेऊन घरीच ये."