दुसरं कडवं

नोकरी सोडून नवऱ्याने गायक-गीतकार व्हायचं मनावर घेतलं आणि घराचा पार बट्ट्याबोळ झाला. बेडरूमच्या भिंतींना आवाज अडवणारा काळा फोम चिकटला, मायलेकींची गादी स्वयंपाकघरात गेली आणि तीनच कॉर्ड येणारी गिटार दिवसभर रडू लागली. गीतलेखनाच्या ऑनलाइन क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, "जे भोगलंय तेच लिहा." याने जन्मात आयत्या ताटावर बसण्यापलीकडे काही भोगलं नव्हतं. म्हणून जेवताना उसासे टाकायचा, "विरह म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही गं. तू सारखी घरातच असतेस!"

तिने तेही गिळलं. पण एका दुपारी लेक तापाने कण्हत होती, तर हा दार उघडून वैतागला, "तिला जरा गप्प कर ना. माझा सूर हलतोय!" मुळात तो जागेवर होता कधी, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलण्याऐवजी तिने बॅग भरली, लेकीला कडेवर घेतलं आणि तडक माहेर गाठलं.

आठवडाभर फोन नाही की मेसेज नाही. मग एका सकाळी तिचा मोबाइल वाजला. "बघ, आली अक्कल ठिकाणावर," आई म्हणाली.

त्याने लिहिलं होतं, "विरहाचं पहिलं कडवं झकास जमलंय! दुसरं होईपर्यंत येऊ नकोस, प्लीज. मूड जाईल."

 

तिने शांतपणे टाइप केलं, "घाई करू नकोस. अख्खा अल्बम कर."