निकाल लागेपर्यंत

कुंभकोणमच्या त्या मराठी घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती: तमिळ उंबऱ्याबाहेर, आत फक्त मराठी. पण धनलक्ष्मीनं मद्रासच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं ठरवलं आणि अप्पांनी फर्मान काढलं, "निकाल लागेपर्यंत घरात मराठीही बंद. इंग्रजीच बोलायचं. त्याशिवाय ते अवघड शब्द तोंडात बसायचे नाहीत."

आईला इंग्रजीचा गंधही नव्हता. ती गप्पच झाली. खुणेनंच भात हवा का विचारायची. धनलक्ष्मी येरझाऱ्या घालत 'ॲगनी', 'अँग्विश', 'टॉर्मेंट' असे वेदनेचे शब्द घोकायला लागली की दाराला टेकून नुसती बघत राहायची. धनलक्ष्मीला वाटायचं, रुसली असेल, बोलेल नंतर.

निकालाच्या सकाळी अप्पा पेपर नाचवत, "अगं, ऐकलंस का, पोरीचं नाव आलं!" असं चक्क मराठीत ओरडत स्वयंपाकघरात शिरले. आई चुलीपाशी आडवी पडली होती. पोटातली गाठ आतल्या आत फुटली, असं डॉक्टर म्हणाले. ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

तेरावं झाल्यावर कोपऱ्यावरच्या फुलवालीनं धनलक्ष्मीचा हात धरला आणि तमिळमधून रडत म्हणाली, "पोंगलपासून रोज माझ्यापाशी सांगायची गं, पोटात कसं तोडल्यासारखं दुखतं ते. मी कानीकपाळी ओरडले, आधी घरी सांग म्हणून."

"मग?"

 

"म्हणायची, 'निकाल लागू दे. घरात बोलता आलं की पहिलं हेच सांगते.'"