तोंडी परीक्षेतलं मरण

"आजी नको," तान सर म्हणाले. "त्या परीक्षकाने सकाळपासून डझनभर आज्या ऐकलेल्या असतात. प्रत्येकीचे हात सुरकुतलेले, आणि प्रत्येक आजी नव्या वर्षाला डंपलिंग वळत बसलेली. अजीर्ण होतं त्याला."

वर्ग हसला. जिंगहे उभी होती ती तशीच उभी राहिली.

शीआनमधल्या त्या क्लासात फक्त इंग्रजी बोलायला शिकवत. हवापाणी, जेवणखाण, सणवार, आवडता मित्र, घरचं माणूस. परीक्षेत यातलंच काहीतरी विचारतात आणि मुलं उत्तरं घोकून घोकून जातात. जिंगहे लेखी परीक्षेत कुणाला ऐकायची नाही, पण तोंडी म्हटलं की तिची दातखिळी बसायची. दोनदा आपटली होती. परदेशातल्या नर्सिंग कॉलेजने तिची जागा याच खेपेपर्यंत धरून ठेवली होती. या वेळी घसरली की गान्सूतल्या आपल्या गावी परत, आणि जन्मभर मावशीच्या दुकानात मोजे विकायचे.

"घरच्या माणसावर बोलायला सांगितलं तर रडवायचं," तान सर म्हणाले. "रडवायचं तर कुणाला तरी मारावं लागतं. तू बाप मार. बाप अजून फारसे कुणी मारलेले नाहीत."

"पण सर, माझे बाबा चांगले धडधाकट आहेत."

"मग असू देत की. इंग्रजीत मेल्याने माणसाला काही होत नाही."

तान सरांना मुलांचे मार्क तेवढे दिसायचे, मुलं दिसायची नाहीत. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पास व्हायची हेही खरं, म्हणून जिंगहेने ते वहीत उतरवून घेतलं.

तरी तिच्या मनाला ते लागून राहिलं. जित्याजागत्या बापाचं मरण तोंडाने बोलायचं म्हणजे अभद्रच. बाबा नवं वर्ष झाल्यावर ग्वेजोच्या डोंगरात बोगद्याच्या कामावर गेले होते. तिथे फोन लागत नसे. सकाळी कामावर जाताना एका वळणावर जरा रेंज येते, तेवढ्यात ते मेसेज पाठवतात, असं आई सांगायची. खरंच रोज सकाळी त्यांच्या आवाजातला एक मेसेज यायचा. उठलीस का, खाल्लंस का, थंडी आहे, कान झाकून जा. मधेच खोकला. जिंगहेने काय विचारलंय त्याचं उत्तर मात्र कधी नाही. बापांचं असंच असतं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

त्या दिवशी तिने मेसेज करून त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. सर म्हणतायत की परीक्षेत तुम्ही वारलात असं सांग. सांगू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार.

सकाळी मेसेज आला. "पोरी, माझी काळजी करू नकोस. तू तुझं बघ. परीक्षा नीट दे, म्हणजे झालं."

तान सरांनी तो भर वर्गात ऐकवला. "बघा, बाप असावा तर असा. नाहीतर तुमचे."

मग जिंगहेने मागेपुढे पाहिलं नाही. खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते पचतं, असं सर म्हणायचे. म्हणून तिने बाबांचा खोकला घेतला. बोगद्यातली धूळ घेतली. दवाखाना आपल्या पदरचा घातला. त्यात ती शेवटच्या गाडीने धावत येते, बाबांचा हात हातात घेते, बाबा डोळे उघडून तिचं नाव घेतात आणि मान टाकतात. नावाच्या जागी आवंढा गिळायचा, तो कितपत गिळायचा हे सरांनी करून दाखवलं. खोलीतली मैत्रीण पेई परीक्षक होऊन बसायची. पहिल्यांदा ती खरंच रडली. पुढे पुढे ती बाबा मरत असताना सूर्यफुलाच्या बिया सोलून खायला लागली, आणि जिंगहेलाही त्याचं काही वाटेना.

परीक्षेच्या दिवशीचा मेसेज जरा लांब होता. घाई करू नकोस, शांतपणे बोल, तुला सगळं येतं. झालं की आधी आईला फोन कर.

परीक्षक एक पिकल्या केसांची गोरी बाई होती. तिने पुढे केलेल्या कार्डावर घरचं माणूसच आलं, तेव्हा जिंगहेला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ती बोलत गेली. जीभ एकदाही अडली नाही. आवंढा जिथल्या तिथे आला. तिने बाबांचा हात धरला, बाबांनी डोळे उघडले, आणि त्या बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. नियमात बसत नसताना तिने जिंगहेला पाणी हवं का म्हणून विचारलं.

बाहेर आल्यावर जिंगहे पायऱ्यांवर बसून पोट धरून हसली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग तिने आईला फोन लावला.

"आई, जमलं गं. बाबांना म्हणावं, तुम्हाला असं झकास मारलं की परीक्षकबाई डोळे पुसत बसली."

"परीक्षा झाली ना पुरती?" आईने एवढंच विचारलं. अभद्र बोलल्याचा तिला राग आला असणार, असं जिंगहेला वाटलं. रागावू नकोस, मी बाबांना विचारूनच केलं, असं तिने समजावलं. आणि उद्याच्या मेसेजात त्यांनी शाबासकी दिली नाही तर त्यांच्याशी बोलणारच नाही, असंही वर म्हणाली.

"उद्या मेसेज यायचा नाही," आई म्हणाली. "दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणाले होते, मी गेलो तरी पोरीच्या परीक्षेपर्यंत पुरतील एवढे बोलून ठेवतो. रोज एक मी पाठवत गेले. आज सकाळचा शेवटचा होता."