मधली चादर

"बोलायचं नाही, डोकावायचं नाही," असं बजावून पक्षीगणनेच्या कार्यालयातून आलेल्या साहेबांनी शिखरावर दोन काठ्या रोवल्या आणि मधे चादर बांधली. चादरीच्या अलीकडे आई, पलीकडे ते. दोघांच्या हातात एकेक मोजणीयंत्र. ससाणा दिसला की खटका दाबायचा, आकडा एकाने पुढे सरकतो.

आईंची सून थर्मास घेऊन दोघांच्या मागे बसली. तिने आज खास रजा काढली होती. सासूबाई एकतीस वर्षं दर वसंतात उत्तरेकडे परतणारे ससाणे इथूनच मोजत आल्या होत्या. गेल्या महिन्यात कार्यालयात त्यांनी एक पत्र उलटं धरलं आणि बातमी पसरायला वेळ लागला नाही: म्हातारीला दिसत नाही. आज दोघांच्या आकड्यांत शंभरामागे पाचाहून जास्त फरक पडला, तर उद्यापासून इथे कॅमेरा बसणार आणि आई घरी. घरात नुसत्या बसलेल्या आई सुनेच्या डोळ्यांसमोर येईनात.

नऊच्या सुमारास दरीतून पहिला थवा वर आला. खट्ट, खट्ट. दोन्हीकडचे खटके अगदी पाठोपाठ वाजत होते. सुनेच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आईंना सणसणीत शिंक आली आणि खटका उगाच दाबला गेला. यंत्र काही मागे जात नाही. आईंनी नेहमीसारखा पायाजवळचा एक खडा उचलून खिशात टाकला. चुकलेल्या खटक्याला एक खडा, संध्याकाळी तेवढे वजा. मग मान कलती करून त्यांनी चादरीकडे कान दिला.

सुनेने चहा ओतला. आईंचा हात कपाच्या भलत्याच बाजूला चाचपडू लागला.

"कप इकडे आहे, आई."

"माहितीये मला कुठे आहे ते."

चादरीपलीकडून साहेब खाकरले.

दुपारी आभाळ रिकामं झालं. साहेबांनी दुर्बीण पिशवीत टाकली, डबा मांडीवर घेतला आणि एका हाताने जेवू लागले. गार वाऱ्यामुळे दुसरा हात कोटाच्या खिशात होता.

खट्ट.

सुनेने वर पाहिलं. निळंशार आभाळ, एक पाखरू नाही. खट्ट. तिने दुर्बीण लावली. काही नाही. आई मात्र वर बघत खटका दाबतच होत्या.

"आई, आत्ता वर काहीच नाहीये हो," ती कुजबुजली.

"तू गप्प बैस."

खट्ट. म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच होतं. तिला ते बघवेना. ती उठून कड्याशी गेली आणि पदराने डोळे पुसत तिथेच उभी राहिली.

ऊन कललं तेव्हा साहेबांनी चादर सोडली. आईंचं यंत्र हातात घेऊन त्यांनी मोठ्याने वाचलं, "सहाशे बारा." मग स्वतःचं खिशातून काढलं. "सहाशे बारा!"

सुनेचा कानांवर विश्वास बसेना.

"एकाचाही फरक नाही!" साहेब म्हणाले. "आजी, मानलं तुमच्या नजरेला. शिखर तुमचंच." त्यांनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून सही ठोकली.

सुनेने आईंना घट्ट मिठी मारली. आईंनी तिच्याकडून कागद दोनदा वाचून घेतला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

"जवळचं दिसत नाही मला, हे खरंय. चष्मा करायला हवा," त्या म्हणाल्या. "आता वहीत आजचा आकडा लिही. पाचशे शहाऐंशी."

"अहो, सहाशे बारा," साहेब हसले.

आईंनी खिसा खडकावर उलटा केला. सव्वीस खडे घरंगळले. त्यांनी पंचवीस एका बाजूला सारले.

"हे दुपारचे, आभाळ रिकामं असतानाचे."

साहेबांचं हसू मावळलं. आईंनी उरलेला खडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आणि ही माझी शिंक. तीसुद्धा तुम्ही मोजलीत, साहेब."