तिच्या खालची चाल

ताई दातांच्या कवळ्या घडवायची आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बुद्धिबळ खेळायची. एकदा तिने एका नावाजलेल्या खेळाडूला हरवलं. त्याने आपला खेळ ऑनलाइन बघणाऱ्या हजारो लोकांसमोर सांगून टाकलं, "ही बाई कॉम्प्युटरला विचारून खेळते. माणसाला अशा चाली सुचत नाहीत." पुरावा काहीच नव्हता, तरी संध्याकाळपर्यंत तिचं खातं बंद झालं. ओळख ना पाळख, अशा लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. कामावर एकजण गमतीने म्हणाला, "काय ताई, कवळीचं मापही मोबाइललाच विचारता का?" तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र डबा एकटीच खाऊ लागली.

पाच आठवड्यांनी चौकशी संपली. ती निर्दोष ठरली, खातं परत मिळालं, वर माफीचं पत्रही आलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

रविवारी ती पुन्हा खेळायला बसली. लहानपणी तिला खेळ शिकवणारा मोठा भाऊ शेजारी बसून बघत होता. ती हरली, तसा तो हळहळला.

"अगं, वजीर दिला असतास तर तीन चालींत मात होती!"

"दिसलं होतं मला, दादा."

"मग दिला का नाहीस?"

नवा डाव लावत ती शांतपणे म्हणाली, "हल्ली सगळ्यात चांगली चाल दिसली, की मी तिच्या खालची खेळते. मग कुणी काही बोलत नाही."