आईच्या नावाचा जनरेटर

“काय काय चालवायचंय?” दुकानदाराने विचारलं आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

“बेडरूममधला एसी,” नवरा म्हणाला. “फ्रिज. टीव्ही. पाण्याची मोटर. सगळ्या खोल्यांतले दिवे.” मग एकदम आठवल्यासारखं, “हां, आणि फिशटँकचा पंप. हवा बंद झाली की मासे मरतात.”

बायकोने मान वळवून दाराकडे पाहिलं. दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. नाकात नळी, पायांशी छोटा सिलिंडर. सकाळी गेलेली वीज अजून आली नव्हती. घरातलं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं आणि त्यांच्याजवळ बसायला घरी कुणी नव्हतं. म्हणून त्यांनाही गाडीत घालून आणलं होतं.

“एवढंच ना?” दुकानदार म्हणाला.

“एवढंच.”

“माशांना हवा लागते, ते बरं आठवलं तुम्हाला!” बायको म्हणाली.

नवऱ्याच्या लक्षात यायला क्षणभर लागला. “अगं, आईचं मशीन धरलेलंच आहे. ते काय वेगळं सांगायला हवं?” मग तो घाईने दुकानदाराकडे वळला. “ऑक्सिजनचं मशीनही आहे. दिवसरात्र चालतं.”

दुकानदाराची बोटं थांबली. ज्या लाल जनरेटरवर सगळं ठरत आलं होतं, त्याच्यावर त्याने हात ठेवला. “मग हा पुरायचा नाही, साहेब. एसी सुरू होताना जोराचा हिसका मारतो. मशीन बंद पडेल. यावर एसी तरी चालवा, नाहीतर मशीन तरी.”

“याहून मोठा?”

“आहे ना. पण त्याला बाहेर पक्का ओटा लागतो, भोवती मोकळी जागा लागते. धूर असतो, घराला चिकटून ठेवता येत नाही.”

त्यांच्या अंगणात कशीबशी गाडी मावत होती.

नवरा डोळे चोळत उभा राहिला. आठवडाभर उकाड्यात झोपेचं खोबरं झालं होतं आणि तसाच तो रोज कामावर जात होता. “मग असं करू,” तो म्हणाला, “हाच घेऊ. वीज गेली की आईला सिलिंडर लावायचा. तो आहेच की घरात.”

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सिलिंडर कोण बदलतं? तुम्ही एसीत झोपणार आणि मी त्याच्या काट्याकडे डोळे लावून बसणार! गल्लीभर सांगत सुटलात, आईसाठी जनरेटर घेतोय म्हणून. बायका मला थांबवून तुमचं कौतुक करतात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? एसीसाठी घेतोय म्हणा सरळ!”

“हळू बोल. दुकान आहे हे.”

“असू दे गं,” खुर्चीतून बारीक आवाज आला. “माझं काय, मी पडूनच असते. भागतं माझं सिलिंडरवर. त्याला झोप हवी.”

“तुम्ही गप्प बसा, आई!”

पलीकडे वायर मोजून घेणारं गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं. या घरात आल्यापासून सासूबाईंपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

“गेल्या खेपेला सिलिंडर संपला, तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते तुमचे. हाक मारायला छातीत हवा नव्हती. वाटीने पलंगाची कड वाजवत होतात. ते मी पाहिलंय, यांनी नाही.”

“मला कुणी सांगितलं नाही हे,” नवरा म्हणाला.

“त्यांनीच सांगू दिलं नाही. झोपलाय तो, म्हणाल्या.”



ती दुकानदाराकडे वळली. “लहानातला दाखवा. आईंचं मशीन, त्यांच्या खोलीतला पंखा आणि एक दिवा. बाकी काही नको.”

दुकानदार खाली बघत हिशेब करत होता. जरा वेळाने त्याने भीतभीतच विचारलं, “माशांचा पंप धरू का, ताई? त्याचा काही फारसा लोड येत नाही.”

“धरा,” ती म्हणाली. “त्यांचं काय चुकलंय?”

नवरा गाडी दुकानापुढे आणायला निघाला. दाराशी आईच्या खुर्चीजवळ थांबला. वाकून सिलिंडरवरचा काटा बघू लागला. पण तो वाचायचा कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं. मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करून त्याने पाहिलं. मग काही न विचारता तो बाहेर गेला.

ती सासूबाईंसमोर उकिडवी बसली. राग अजून उतरला नव्हता, पण नजर वर होईना.

“आई, मघाशी मी तुम्हाला...”

सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. शब्द सुटे सुटे येत होते.

“गप्प बस म्हणणारे... जन्मभर पुष्कळ भेटले गं.” त्यांनी श्वास भरून घेतला. “माझ्यासाठी तसं म्हणणारी... तूच पहिली.”