पल्लवीच्या नावावरची पाकिटं

सुलाबाईंनी करडईचं तेल तळहातावर चोळलं आणि धाकट्या सुनेची डावी पोटरी दोन्ही हातांत धरली. सृष्टी कळवळली.

"गप बस. मेंढी बी एवढी वरडत न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "पळून पळून भरलीय पोटरी. दोन दिस चोळली की हरणावाणी पळशील."

थोरली सून पल्लवी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिची नजर त्या पायावर होती. सोमवारी तो नुसता दुखत होता. आज गुरुवारी तो उजव्या पायाच्या दीडपट दिसत होता. कातडी ताणून तुकतुकीत झाली होती.

सुलाबाईंच्या हाताला गुण होता. जतच्या त्या माळावर कुणाचं मेंढरू लंगडलं की माणसं त्यांच्याकडे यायची. आणि सृष्टी पोलीस भरतीसाठी रोज सकाळी तलावाच्या बांधावर आठशे मीटर पळायची. पोटरी दुखली याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

पल्लवी मात्र दुसऱ्याच कारणानं घाबरली होती.

दिवाळीच्या आधी सृष्टी तिच्यापुढे रडली होती. "पोट आलं तर मैदान गेलं, आक्का. एवढी एक भरती हू दे." सुलाबाई उठता-बसता नातवाचं नाव घ्यायच्या. लग्नाला वर्ष झालेल्या सुनेनं त्यांच्यादेखत गोळ्या मागायच्या कशा? पल्लवीला दोन मुलं होती. तिनं मागितल्या तर कुणी काही म्हणणार नव्हतं. म्हणून पाकिटं तिच्या नावावर आली आणि गोळ्या सृष्टीनं घेतल्या. तिनं पल्लवीला बिरदेवाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती. कुणाला सांगायचं नाही.

पहिलं पाकीट देण्याआधी आशाताई राजेश्वरीनं पल्लवीला उपकेंद्रात नेलं होतं. रक्तदाब मोजला. मग एकेक प्रश्न विचारला. अर्धं डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकतं का? तंबाखू, मिश्री? पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? आई-बहिणीला?

"बहुतेक जणींना या गोळ्यांनी काही होत नाही," ती म्हणाली होती. "ज्यांना होऊ शकतं त्या आधीच कळाव्यात म्हणून विचारते. पोटरी सुजली, छातीत दुखलं, दम लागला तर गोळी बंद करायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाय अजिबात चोळायचा नाही."

पल्लवीनं सगळ्या प्रश्नांना नाही म्हणून सांगितलं. उत्तरं खरी होती. फक्त बाई दुसरी होती. सृष्टीची आई बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी गेली होती, एक पाय सुजून, छातीला हात लावून. सृष्टीनं हे एकदा शेळ्यांना पाला टाकता टाकता सांगितलं होतं. उपकेंद्रात पल्लवीला ते आठवलं नव्हतं. आठवलं मंगळवारी, सूज दिसली तेव्हा.

त्याच दिवशी ती सृष्टीला म्हणाली होती, "चल दवाखान्यात."

"तिथं गोळ्यांचं निघंल. पुढल्या बुधवारी मैदान हाय माझं. भंडारा उचललायस तू, आक्का."

आता सुलाबाईंचे अंगठे घोट्यापासून गुडघ्याकडे जोरात सरकत होते. वर, पुन्हा वर. पल्लवीनं तोंड उघडलं.

"आत्याबाई..."

सृष्टीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"काय गं?"

"तव्यावरची भाकरी करपली," पल्लवी म्हणाली.

सुलाबाईंनी पाय सोडला. सृष्टी भिंतीला धरून उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच खाली बसली. तिला श्वास पुरेना. ओठ निळे पडले.

रुग्णवाहिकेनं सांगली गाठायला दोन तास लागले. त्यानंतर अर्ध्या तासानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पायातली गाठ सुटून फुप्फुसात अडकली, त्या म्हणाल्या. शक्य ते सगळं केलं. पण ती गेली.

सुलाबाई भिंतीशी खाली बसल्या. डॉक्टरांच्या हातात कागद होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती का?"

पल्लवीनं सासूकडे पाहिलं नाही. "व्हय. म्या आणून देत हुते. माझ्या नावावर."

"घरात आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला न्हाई. शपथ हुती."

"मला म्हाईत हुतं," सुलाबाई खालून म्हणाल्या.

पल्लवी वळली.

"दिवाळीपास्नं. तुझा नवरा तानाजी शिरवळात कामाला. म्हैन्यानं एकदा घरी यायचा. आन् तू पाकिटावर पाकिटं आणायचीस. मला कळत न्हाई व्हय? पळू दे म्हटलं पोरीला. नातवाचं आपलं चार माणसांत बोलायचं म्हणून बोलत हुते."

त्या आपल्या तळहातांकडे बघत होत्या. तेल अजून वाळलं नव्हतं.

"पर असला पाय चोळायचा नसतो," त्या म्हणाल्या, "ह्ये मला कुणी सांगितलं न्हाई."